झांबेझीच्या दोन्ही काठांवर

व्हिक्टोरिया फॉल्सचा धबधबा आधी आभाळात दिसतो. विमान खाली येऊ लागलं की सपाट, करड्या-हिरव्या झुडपांचं रान नजर पोहोचेल तिथपर्यंत पसरलेलं असतं. डोंगर नाही, कडा नाही. त्या सपाटीच्या मधोमध एका जागेवरून पांढरे लोट वर चढत असतात. नदी भरलेली असताना हे तुषार चारशे मीटर, कधी त्याहूनही उंच जातात आणि हवा स्वच्छ असली तर पन्नास किलोमीटरवरून दिसतात. "आई, तिकडे वणवा लागलाय," माझी लेक खिडकीला नाक लावून म्हणाली. इथल्या कोलोलो लोकांनी या जागेला 'मोसी-ओआ-तुन्या', गरजणारा धूर, असं नाव दिलं ते यामुळेच.

सह्याद्रीतले धबधबे पाहत वाढलेल्या माणसाला हे दृश्य पटकन उमगत नाही. आपल्याकडे ठोसेघर असो की लिंगमळा, पाणी पठाराच्या कडेवरून दरीत झेपावतं. धबधब्याच्या आधी दरी दिसते. इथे झांबेझी सपाट जमिनीवरून, बेटाबेटांतून, दीड किलोमीटरहून जास्त रुंद पसरून शांतपणे वाहत येते आणि जमिनीला गेलेल्या एका चिरेत सगळीच्या सगळी कोसळते. धबधब्याची रुंदी १,७०८ मीटर, जास्तीत जास्त उंची १०८ मीटर. चीर इतकी अरुंद की पलीकडच्या काठावर उभं राहिलं की कोसळणारी नदी थेट समोर, जवळजवळ आपल्याच पातळीवर असते. याहून उंच धबधबे जगात आहेत, याहून रुंदही आहेत. पण उंची आणि रुंदी मिळून एवढं मोठं, सलग कोसळणारं पाणी दुसरीकडे नाही.

आम्ही चौघं गेलो होतो: मी, नवरा, नुकतीच दहावीत गेलेली लेक आणि माझी बहात्तर वर्षांची आई. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या बऱ्याच सहलींमध्ये हा धबधबा दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याला शेपटासारखा जोडलेला असतो. सकाळी विमान, दुपारी धबधबा, संध्याकाळी बोट, दुसऱ्या दिवशी परत. मला ते मान्य नव्हतं. एवढ्या लांब जायचं तर नदीलाच भेटायला जायचं, दोन्ही काठांवरून, आईच्या चालीने.

मुंबईहून नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे तिथे पोहोचता येतं. केनिया, इथिओपियामार्गे भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात, आणि लस निदान दहा दिवस आधी घेतलेली लागते. साठीच्या पुढच्या माणसांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची असते. आईचे सगळे कागद पाहून आमच्या डॉक्टरांनी होकार दिला तेव्हा कुठे तिकिटं काढली.

धबधबा झिंबाब्वे आणि झांबियाच्या सीमेवर आहे. झिंबाब्वेच्या बाजूच्या उद्यानात शिरलं की पश्चिमेच्या टोकाला स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा पुतळा लागतो. १६ नोव्हेंबर १८५५ रोजी, कोलोलोंचा राजा सेकेलेटू याच्या मदतीने, स्थानिक नावाड्यांच्या होडीतून तो धबधब्याच्या अगदी ओठावरच्या बेटावर उतरला आणि आपल्या राणीचं नाव या जागेला देऊन गेला. नोव्हेंबरात पाणी कमी असतं, म्हणूनच होडी तिथवर जाऊ शकली. आम्ही गेलो त्या दिवसांत त्या बेटाच्या जवळही कोणी फिरकत नव्हतं.

आम्ही नाशिकचे, आणि शरणपूर रोड आमच्या रोजच्या जाण्यायेण्याचा. त्यामुळे या पुतळ्यापुढे मी जरा जास्तच वेळ थांबले. एकोणिसाव्या शतकात शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीचा आश्रम होता. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहत, लिहायला-वाचायला आणि हातचं काम शिकत. १८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईला आला तेव्हा आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी त्याने इथली नऊ मुलं बरोबर घेतली. पुढे आणखी काही जण गेले, त्यांत जेकब वेनराइट होता. १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. त्याच्या सोबत्यांनी त्याचं हृदय तिथल्याच एका झाडाखाली पुरलं, देह वाळवला आणि महिनोन्महिने पायी चालत समुद्रापर्यंत पोहोचवला. झाडावर नाव कोरलं ते नाशिकला शिकलेल्या जेकबने. शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला तोही तोच. ती अंत्ययात्रा ज्यांनी पार पाडली त्यांतला चुमा काही काळ मुंबईच्या शाळेत होता. हे सगळं मी लेकीला तिथेच उभं राहून सांगितलं. इतकी माणसं राबली आणि पुतळा एकट्याचा. या माणसांची नावं त्याच्या शेजारी असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

पुतळ्यापासून पायवाट पूर्वेकडे जाते, आणि मग पाऊस सुरू होतो. आभाळ निळं, ऊन लख्ख, आणि पाऊस! खाली आपटलेलं पाणी चिरेतून वर उसळतं आणि काठावर सतत बरसत राहतं. त्याच ओलाव्यावर काठालगत एक चिंचोळं जंगल पोसलेलं आहे: अंजिराच्या जातीची झाडं, आबनूस, रानखजूर, वेली, बुंध्यांवर नेच्यांचे झुबके. दोनशे पावलं मागे गेलं की पुन्हा कोरडं रान. भाड्याने घेतलेले रेनकोट आम्ही चढवले, पण त्यांचा उपयोग बेताचाच, कारण पाणी खालून येतं, बाजूने येतं, बाहीतून शिरतं. कुंपणाच्या लाकडावर मी हात ठेवला तर लाकूड थरथरत होतं. आवाज कानांपेक्षा छातीत जास्त जाणवत होता. आईने तर रेनकोटाची टोपी मागे टाकली आणि तोंड वर करून उभी राहिली. "अगं, हा तर आमच्या हेळवाकचा पाऊस," ती म्हणाली.

मुख्य धबधब्यासमोरच्या जागांवर भर हंगामात बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. पांढरी भिंत आणि गर्जना. पर्यटक मोबाइल पिशवीत घालून पुढे निघून जातात. आमच्या वाटाड्याने मात्र थांबायला सांगितलं. तो आईला 'गोगो', म्हणजे आजी, म्हणत होता आणि तिचा हात कुठेही सोडत नव्हता. मग वारा फिरला. पांढरेपणा मधोमध फाटला आणि समोर नदीचा ओठ दिसला: वर हिरवट, काचेसारखं पाणी, कडेवरून वळताना एक क्षण गुळगुळीत, आणि पुढच्याच क्षणी त्याचे हजार तुकडे. प्रत्येक तुकडा खाली जाताना मागे पांढरी शेपूट सोडत होता. काही सेकंदांत सगळं पुन्हा मिटलं. इथून सेकंदाला सरासरी हजारभर घनमीटर पाणी पडतं, आणि एप्रिलच्या आसपास हा आकडा तीन हजारांपर्यंत जातो. दुपारी ऊन कलल्यावर पूर्वेकडच्या जागेवरून खाली पाहिलं तर चिरेच्या तळाशी इंद्रधनुष्य होतं. आपण उंचावर उभे, म्हणून ते अर्ध्यावर संपत नाही. जवळजवळ पूर्ण वर्तुळ दिसतं. पौर्णिमेच्या आसपास उद्यान रात्रीही उघडतात आणि चंद्रप्रकाशात पडलेलं इंद्रधनुष्य पाहता येतं. आमच्या वेळी पौर्णिमा जुळली नाही. तुम्ही जुळवून जा.

लेकीचा प्रश्न रास्त होता: इथला पाऊस तर मार्चअखेर सरतो, मग नदीला पूर पावसानंतर का? याचं उत्तर वरच्या अंगाला आहे. झांबेझी उगम पावते झांबियाच्या वायव्य कोपऱ्यात, अंगोलात शिरून परत झांबियात येते आणि बारोत्सेच्या अफाट पूरमैदानात पसरते. ते मैदान पावसाचं पाणी साठवून ठेवतं आणि सावकाश सोडतं. म्हणून वर पडलेला पाऊस धबधब्यावर पोहोचायला कित्येक आठवडे लागतात. त्या मैदानातले लोझी लोक पूर चढला की आपल्या राजाला, लितुंगाला, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मोठ्या नावेतून लेआलुईहून उंचावरच्या लिमुलुंगाला नेतात. या सोहळ्याला कुओम्बोका म्हणतात. पूर म्हणजे संकट, एवढंच आम्ही शिकलेलो. तिथे पूर आला की ढोल वाजतात आणि अख्खं राज्य घर बदलतं.

माझ्या नवऱ्याचं लक्ष पाण्यापेक्षा दगडाकडे. गडकिल्ले चढणाऱ्या माणसाला काळा कातळ दिसला की राहवत नाही. इथला कातळही बेसॉल्टच आहे, आपल्या सह्याद्रीसारखा लाव्हाचा, फक्त वयाने कितीतरी मोठा: सह्याद्रीचा साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, हा अठरा कोटींचा. लाव्हा थंड होताना त्याला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि त्यांत पुढे मऊ गाळ भरला. नदीने तो गाळ खरवडला, भेग मोकळी केली आणि तीत कोसळू लागली. मग मागची भेग सापडली, की धबधबा मागे सरकला. असं करत करत तिने खालच्या बाजूला नागमोडी घळींची रांग कोरली आहे. प्रत्येक घळ म्हणजे एकेकाळचा धबधबा. आजच्या धबधब्याच्या पश्चिम टोकाला, डेव्हिल्स कॅटरॅक्टपाशी, कड बाकीच्यापेक्षा खाली गेली आहे. पुढची चीर तिथूनच उघडेल असं भूशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे लिव्हिंग्स्टनच्या पुतळ्याजवळ उभं राहून आपण उद्याच्या धबधब्याची सुरुवात पाहत असतो.

झिंबाब्वेतून झांबियात जायला पूल आहे, आणि तो पायी ओलांडण्यासारखा आहे. नदीपासून १२८ मीटर उंचीवर पोलादी कमान. ब्रिटिश वसाहतवादी सेसिल ऱ्होड्सची इच्छा होती की आगगाडीवर धबधब्याचे तुषार उडावेत, म्हणून सोपी जागा सोडून पूल इथे बांधला. ते पाहायला तो स्वतः उरला नाही. दोन्ही काठांकडून पुढे आणलेले कमानीचे हात १ एप्रिल १९०५ रोजी मध्यावर जुळले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज याच्या हस्ते पूल खुला झाला. याच पुलावर ऑगस्ट १९७५ मध्ये आगगाडीचे डबे मधोमध उभे करून ऱ्होडेशियाचं, म्हणजे आजच्या झिंबाब्वेचं, गोरं सरकार आणि काळ्यांचे नेते समोरासमोर बसले होते. बोलणी फिसकटली, आणि स्वातंत्र्य आलं ते १९८० मध्ये. आज तिथे तरुण पोरं पायाला दोर बांधून उड्या मारतात.

पुलाच्या आसपास फेरीवाले हमखास गाठतात. त्यांच्याकडे झिंबाब्वेच्या जुन्या नोटा असतात, त्यांतली सर्वात मोठी शंभर ट्रिलियन डॉलरची. एकावर चौदा शून्यं: एक कोटी गुणिले एक कोटी. २००९ च्या जानेवारीत ती काढली तेव्हाच तिची किंमत घसरणीला लागली होती, आणि काही महिन्यांत ते चलनच मोडीत निघालं. नोटेच्या मागच्या बाजूला हाच धबधबा छापलेला आहे. विकणारा मुलगा विशीतला असेल. त्याची आई शिक्षिका होती आणि तिचा महिन्याचा पगार पावाच्या एका लादीवर जायचा, असं त्याने आम्हाला सांगितलं. आम्ही एक नोट घेतली आणि लेकीला त्या शून्यांमागची हकिगत नीट समजावून सांगितली.

झांबियाच्या बाजूने धबधबा अधिक जवळ येतो. नाइफ-एज नावाचा अरुंद पादचारी पूल आहे. भर हंगामात त्याच्यावर उभं राहणं म्हणजे नदीखालीच उभं राहणं. आई अलीकडे थांबली. आम्ही तिघं हात धरून पलीकडे गेलो आणि परत आलो. समोर काही दिसलं नाही आणि काही दिसायची गरजही वाटली नाही. मात्र हीच पूर्वेची बाजू ऑक्टोबर-नोव्हेंबरात जवळजवळ कोरडी पडते आणि नुसता काळा कातळ उरतो. वरच्या बाजूने झांबियाच्या वीजघरासाठीही पाणी वळवलेलं आहे, त्याचा परिणाम कमी पाण्याच्या दिवसांत जाणवतो.

या प्रवासात माझ्या आईला जे दिसलं ते मला एकटीला कधीच दिसलं नसतं. हस्तकलेच्या बाजारात लाकडी काठ्या विकायला होत्या, मुठीला माशाचं तोंड आणि खाली वेटोळे घेत गेलेलं सापाचं अंग. हा न्यामिन्यामी, टोंगा लोकांचा नदीदेव. आईने एक काठी हातात घेतली, वजन पाहिलं, टेकून पाहिली. काठी कोरणारा पन्नाशीचा टोंगा माणूस होता. लेक इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर करत राहिली.

त्याने सांगितलं ते असं. धबधब्याच्या खाली, नदी जिथे पुन्हा रुंद होते, त्या खोऱ्यात त्याचे आजोबा राहत. १९५० च्या दशकात तिथे करीबा धरण सुरू झालं. १९५७ आणि १९५८ च्या पुरांनी बांधकाम वाहून नेलं तेव्हा टोंगा म्हणाले, न्यामिन्यामी रागावला, कारण भिंतीने त्याची आणि त्याच्या बायकोची ताटातूट केली. भिंत तरीही पूर्ण झाली. सुमारे सत्तावन्न हजार टोंगांना खोरं सोडावं लागलं. नदीकाठची काळी जमीन गेली आणि वरच्या कोरड्या माळावर जागा मिळाली. "आजोबा मरेपर्यंत रोज संध्याकाळी नदीच्या दिशेला तोंड करून बसायचे," तो म्हणाला.

आईने लेकीला थांबवलं. "त्याला सांग, माझंही गाव पाण्याखाली आहे."

आई कोयनेच्या खोऱ्यातली, हेळवाकच्या बाजूची. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी चढलं तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. गाव उठलं आणि तिच्या घरच्यांच्या वाट्याला सोलापूर जिल्ह्यातली जमीन आली. चार महिने पाऊस न थांबणाऱ्या खोऱ्यातली माणसं पावसाची वाट पाहणाऱ्या माळावर जाऊन पडली. घरात हा विषय कधीतरीच निघायचा, तोही भूकंपाच्या आठवणीपाशी थांबायचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं तेव्हा मागे राहिलेले नातेवाईक गेले. करीबाच्या जलाशयाखालीही १९६३ मध्ये मोठे भूकंप झाले आहेत. या दोन खोऱ्यांची नावं भूकंपशास्त्राच्या पुस्तकांत शेजारीशेजारी येतात. आणि दोन्हीकडे, ज्यांच्या जमिनीवर वीज तयार झाली त्यांच्या घरात दिवा सगळ्यांत उशिरा लागला.

तो माणूस ऐकत होता. मग त्याने विचारलं, "तुमच्या नदीत देव आहे?" आई म्हणाली, "नदीच देवी आहे." तिने आपल्या गावच्या देवळाची गोष्ट सांगितली: गाव उठताना मूर्ती डोक्यावर घेऊन माणसं कशी निघाली ती. मी माझ्या आईच्या तोंडून ही गोष्ट पहिल्यांदा ऐकत होते, आफ्रिकेतल्या बाजारात, लाकडाच्या भुशात उभी राहून. काठीचे पैसे द्यायला मी पुढे झाले तर आईने मला बाजूला केलं आणि स्वतःच्या कनवटीचे डॉलर मोजून दिले. घासाघीस केली नाही. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडणारी माझी आई.

परतायच्या आदल्या संध्याकाळी धबधब्याच्या वरच्या अंगाला बोटीतून गेलो. तिथे नदी इतकी संथ की खाली काय होणार आहे याचा पत्ता लागत नाही. पाणघोडे नाकपुड्या वर काढून फुसफुसत होते, एका बेटाच्या काठाला हत्ती सोंडेने गवत उपटून, पाण्यात आपटून, माती झाडून खात होता. आईने पर्समधून कुंकवाचा करंडा काढला. घरून निघतानाच नदीची ओटी भरायचं तिच्या मनात होतं. बोटवाल्याने नम्रपणे सांगितलं, उद्यानाच्या पाण्यात काही टाकता येत नाही. आईने लगेच करंडा मिटला. "बरोबर आहे, घाण कशाला करायची," म्हणाली, आणि नुसते हात जोडले.

खालच्या बाटोका घळीत आणखी एक मोठं धरण बांधायची योजना दोन्ही देश बरीच वर्षं पुढे रेटत आहेत. विजेची गरज खरी आहे. वीज गेलेली आम्हीही तिथे पाहिली. पण उठणाऱ्या प्रत्येक घराचा हिशेब आधी व्हायला हवा, हे कोयनेच्या आणि करीबाच्या लोकांना विचारल्याशिवाय कोणी ठरवू नये.

जायचं असेल तर महिना विचारपूर्वक निवडा. पाण्याचा जोर अंगावर घ्यायचा असेल तर एप्रिल-मे. आपल्या शाळांची सुट्टी आणि झांबेझीचा पूर नेमके एकाच वेळी येतात. कातळ, चीर आणि पाण्याच्या धारा वेगवेगळ्या पाहायच्या असतील तर ऑगस्ट-सप्टेंबर. ऑक्टोबरनंतर गेलात तर पश्चिम काठावरच भर द्या. दोन्ही देशांना चालणारा काझा नावाचा एकत्रित व्हिसा असतो, तो आपल्या पासपोर्टावर मिळतो का हे निघण्याआधी विचारून घ्या, आणि दोन्ही काठ बघाच. माकडं आणि बबून हातातलं खाणं हिसकावतात, पिशव्या बंद ठेवा. शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही: पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट साद्झा आणि परतलेली पालेभाजी सगळीकडे मिळते. झिंबाब्वेच्या बाजूच्या वाटा बऱ्यापैकी सपाट आणि बांधलेल्या आहेत, म्हाताऱ्या माणसांना सहज चालता येतं. त्यांना घरी ठेवून जाऊ नका.